पोलंडची स्मृती आणि युरोपची ओळख

राष्ट्र कशाने टिकते? सीमा, सैन्य आणि शासन यांनी, असे उत्तर आपण सहज देतो. परंतु ही तिन्ही नाहीशी झाल्यावरही एखादे राष्ट्र जिवंत राहू शकते काय? पोलंडचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. युरोपची सामाईक ओळख कशी घडते, हेही त्याच इतिहासातून आपल्याला समजून घेता येते.

रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजारी सत्तांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत पोलंड वाटून घेतला. पुढे १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, युरोपच्या नकाशावर स्वतंत्र पोलंड नव्हता. तरीही मातृभाषा, काव्य, संगीत आणि श्रद्धा यांच्या आश्रयाने पोलिश राष्ट्र घराघरांत जगले. १९०१ साली प्रशियाच्या ताब्यातील व्हझेश्निया गावातील शाळकरी मुलांनी धर्मशिक्षणाच्या तासाला जर्मन भाषेत उत्तरे देण्याचे नाकारले आणि त्यापायी छड्यांचा मार सोसला. संगीतकार शोपँ १८४९ साली पॅरिसमध्ये निवर्तले. त्यांचे हृदय मात्र वॉर्सा येथील पवित्र क्रूसाच्या चर्चमध्ये जतन करण्यात आले आहे.

संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी २ जून १९८० रोजी पॅरिस येथे युनेस्कोपुढे भाषण करताना हाच अनुभव सांगितला. शेजाऱ्यांनी आपल्या राष्ट्राला मृत्युदंड दिला होता. तरीही ते तगले, ते शस्त्रबळावर नव्हे, तर आपल्या संस्कृतीच्या बळावर, असे त्यांचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्रानेही हे जवळून पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेल्या पोलिश नागरिकांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. परक्या मातीत मुले आपल्या भाषेत शिकत होती.

परंतु स्मृतीला दुसरीही बाजू आहे. जी स्मृती राष्ट्राला तारते, तीच शेजाऱ्याविषयीचा द्वेष पिढ्यान्‌पिढ्या जागा ठेवू शकते. महायुद्धात पोलंडचे सुमारे साठ लाख नागरिक प्राणास मुकले. त्यांपैकी जवळजवळ निम्मे ज्यू होते. युद्धानंतर सीमा पश्चिमेकडे सरकल्या आणि लक्षावधी जर्मनांना आपली घरे सोडावी लागली. दोन्हीकडे जखमा होत्या आणि प्रत्येक जण आपलीच जखम मोजत होता.

अशा वेळी, १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या अखेरच्या दिवसांत पोलिश महागुरूंनी जर्मन महागुरूंना एक पत्र पाठविले. त्याचा मसुदा मुख्यतः व्रोत्सवाफचे महागुरू बोलेस्वाव कोमिनेक यांनी तयार केला होता. स्वाक्षरी करणाऱ्यांत कार्डिनल विशिन्स्की आणि क्राकोचे महागुरू कारोल वॉयतीवा, म्हणजेच पुढचे पोप दुसरे जॉन पॉल, हेही होते. पोलंडच्या ख्रिस्तस्वीकाराच्या सहस्राब्दीचे निमंत्रण देणाऱ्या या पत्रात दोन राष्ट्रांचा हजार वर्षांचा इतिहास मांडून क्षमा देऊ केली होती आणि क्षमा मागितलीही होती.

मार खाल्लेल्याने क्षमा का मागावी, असा प्रश्न पोलंडमध्ये अनेकांनी विचारला. कम्युनिस्ट शासनाने महागुरूंवर देशद्रोहाचा ठपका ठेवला आणि कार्डिनल विशिन्स्की यांना पारपत्र नाकारले. जर्मन महागुरूंचे उत्तरही सावध होते. तथापि बीज पेरले गेले होते. १२ नोव्हेंबर १९८९ रोजी क्शिझोवा येथील पवित्र मिस्सामध्ये पोलंडचे पंतप्रधान माझोव्हिएत्स्की आणि जर्मनीचे चॅन्सेलर कोल यांनी आलिंगन देऊन परस्परांना शांतीचिन्ह दिले. पुढच्या वर्षी उभय देशांनी सीमेला मान्यता देणारा करार केला आणि १ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात दाखल झाला. २०१६ ते २०२० या काळात दोन्ही देशांतील विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचे सामाईक पाठ्यपुस्तक चार भागांत तयार झाले.

हे कार्य संपलेले नाही. १९४१ साली येद्वाब्ने गावात पोलिश शेजाऱ्यांनी ज्यूंची हत्या केली होती. तो इतिहास उजेडात आल्यावर, २००१ साली पोलिश महागुरूंनी वॉर्सा येथे प्रायश्चित्ताचा विधी केला. आपल्याच लोकांच्या अपराधाची ही कबुली पोलंडमध्ये सर्वांच्या गळी उतरली नाही. २०२२ साली पोलंडच्या तत्कालीन शासनाने जर्मनीकडे युद्धाच्या नुकसानभरपाईची मागणी केली, तेव्हा जुनी जखम पुन्हा वाहू लागली.

यावरून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे. सामाईक बाजारपेठ आणि सामाईक चलन लोकांना एकत्र आणू शकते. परंतु ‘आम्ही’ हा शब्द त्यांच्या ओठांवर आणण्यासाठी सामाईक स्मृती लागते. अशी स्मृती आपापल्या जखमांची बेरीज करून तयार होत नाही. शेजाऱ्याची जखम आणि आपला अपराध हे दोन्ही आठवणीत ठेवण्याचे धैर्य ज्या समाजाजवळ असते, त्याचीच ओळख स्वतःला न गमावता विस्तारत जाते. आपल्या मुलांना इतिहास सांगताना आपण त्यांच्या हाती कोणती स्मृती देतो, याचा विचार वाचकांनीही अवश्य करावा.