विश्वामित्रीच्या मगरी: मोजत कधी राहायचं, हात कधी घालायचा

ऑगस्ट २०२४ च्या पुरात २७ ते २९ तारखेदरम्यान वनखात्याने बडोद्याच्या वस्त्यांतून २४ मगरी पकडल्या. घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचं चित्र तेव्हा देशभर पोचलं. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये शहर परिसरातल्या विश्वामित्री नदीत मगरींची गणना झाली आणि आकडा आला ४४२. लगोलग मार्चमध्ये, पुन्हा पूर येऊ नये म्हणून, नदीतला गाळ काढून पात्र रुंद करण्याचं काम सुरू झालं. आधी गणना, मग यंत्रं, असा क्रम पाहिला की सगळं रीतसर चाललंय असं वाटतं. पण कशासाठी मोजलं, आणि त्या मोजणीने कोणता निर्णय बदलणार होता, हे विचारायलाच हवं.

पहिला गैरसमज या आकड्याचाच आहे. ४४२ म्हणजे मगरी उदंड झाल्या, आता काळजी नको, असं म्हटलं जातं. थंडीत मगरी उन्हासाठी काठावर येतात तेव्हा त्या दिवसा मोजता येतात. रात्री टॉर्चच्या झोतात त्यांचे डोळे चमकतात, त्यावरून मोजतात. पाणी किती उतरलंय, ऊन किती आहे, मोजणारे किती आहेत, यावर आकडा वरखाली होतो. त्याच पट्ट्यात, त्याच ऋतूत, त्याच पद्धतीने वर्षानुवर्षं मोजलं तरच वाढ की घट हे कळतं.

त्याहून मोठी अडचण मगरीच्या आयुष्यात आहे. मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, साधारण पंचवीस-तीस. सुमारे दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, पिल्लं बाहेर येतात. उन्हाच्या काहिलीत मोठ्या मगरी काठातल्या बिळांत राहतात. म्हणजे मार्च ते जून हा काठ खणायला सर्वांत वाईट काळ. या दिवसांत काठ तासला तर त्या वर्षीची घरटी जातात, पण मोठ्या मगरी पाण्यात दिसतच राहतात. पुढच्या हिवाळ्यातला आकडा छान येऊ शकतो. मादी वयात यायला सहा-आठ वर्षं लागतात, नराला त्याहून जास्त. त्यामुळे गेलेल्या पिढ्यांची उणीव मोठ्या मगरींच्या संख्येत उमटेपर्यंत दशक उलटून जाईल. म्हणून नुसती डोकी मोजून भागत नाही. काठावरची घरटी, जून-जुलैत दिसणारी पिल्लं आणि लहान-मोठ्यांचं प्रमाण, या तीन गोष्टी दर वर्षी नोंदल्या पाहिजेत. धोक्याची खूण तिथे आधी दिसते.

पकडून लांब सोडल्या की प्रश्न मिटला, हा दुसरा गैरसमज. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावून हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडलं होतं. त्यांतली एक वीस दिवसांत चारशेहून अधिक किलोमीटर पोहून मूळ जागी परतली. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात शिरलेली मगर पकडून नदीत नेऊन सोडणं आवश्यकच आहे. अख्खी नदी रिकामी करायला निघणं ही मात्र वेगळी गोष्ट, आणि असुरक्षित गणलेल्या, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याबाबत ती करूही नये.

याच्या उलट टोकाला तिसरी समजूत आहे: आधी अभ्यास पुरा होऊ द्या, मग पाहू. ऐकायला ती शहाणपणाची वाटते आणि म्हणूनच मला तिची अधिक भीती वाटते. ऑस्ट्रेलियाच्याच ख्रिसमस बेटावर एक इवलं वटवाघूळ होतं. त्याची संख्या घसरत असल्याच्या नोंदी कित्येक वर्षं होत होत्या. काही जीव पकडून पैदास करण्याची परवानगी आली २००९ च्या जुलैत. त्याचा शेवटचा आवाज टिपला गेला त्याच वर्षी २६ ऑगस्टला. पकडायला कुणी उरलंच नव्हतं. आपल्याकडे माळढोकचं पाहा. सोलापूरच्या नान्नजला १९७९ पासून अभयारण्य आहे, मोजण्या होत राहिल्या, पक्षी घटत राहिले. देशात दीडशेच्या आसपास उरल्यावर २०१९ मध्ये जैसलमेर भागात अंडी गोळा करून कृत्रिम उबवणी सुरू झाली. गुजरातेत कच्छच्या अबडासात तोवर जेमतेम काही माद्या राहिल्या होत्या.

एकदा हाती घेतलेला उपाय कायम चालवायचा, असंही नाही. १९७५ च्या मगर प्रकल्पात अंडी गोळा करून पिल्लं वाढवली गेली. नव्वदच्या दशकात सोडायला जागाच उरेनात, तेव्हा मगरींची पैदास थांबवली गेली. तो निर्णय योग्य होता.

विश्वामित्रीसाठी या गोष्टी आधीच ठरवून लिहून ठेवायला हव्यात: सलग दोन उन्हाळे घरटी किंवा पिल्लं किती टक्क्यांनी घटली की काठावरचं काम थांबेल, थांबवण्याचा अधिकार कुणाला, आणि किती दिवसांत. गाळ काढायचाच असेल तर पावसाळा ओसरल्यापासून जानेवारीपर्यंतचे महिने आहेत, आणि दोन्ही काठ एकाच वर्षी खणण्याची गरज नाही. पुढच्या गणनेचं पत्रक निघेल तेव्हा एकूण आकड्याच्या शेजारी घरट्यांचा आणि पिल्लांचा रकाना आहे का, ते बडोदेकरांनी पाहावं. नसेल तर महापालिकेकडे आणि वनखात्याकडे तो मागावा.