कोकण किनाऱ्यावरची पायवाट

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याने चालताना भरतीच्या रेषेच्या वर सर्वांत आधी भेटते ती मर्यादावेल. जांभळट फुलांची ही वेल खारे वारे सोसत पसरते आणि तिची मुळे वाळू धरून ठेवतात. ओल्या वाळूत मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते. छोटे खेकडे वाळूतले अन्नकण वेचून उरलेली वाळू गोळ्या करून टाकतात. ओहोटी संपण्याआधी ती पाहावी, कारण भरती सारे पुसते.

खाडीच्या तोंडाशी चिखल आणि कांदळवन सुरू होते. इथे जरा रेंगाळावे. तिवराची मुळे पेन्सिलींसारखी चिखलातून वर येतात, कारण त्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो. जास्तीचे मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. पान चाटून पाहिले तर खात्री पटते. पांढऱ्या चिपीला 2020 मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष घोषित केले. तिची फुले रात्री उमलतात.

कड्यावर चढले की जांभ्याचे सडे लागतात. उन्हाळ्यात ते ओसाड, पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती तिथे उगवतात. निकृष्ट मातीतला नत्राचा तुटवडा त्या किडे पचवून भरून काढतात.

कासवांसाठी मात्र हिवाळा संपताना यावे. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले माद्या एका वेळी साधारण शंभर अंडी घालतात आणि पिल्ले सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर येतात. त्यांच्याजवळ टॉर्च लावू नये. उजेडाने ती समुद्राची दिशा चुकतात.