अंकुराची वाढ

१९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके विलायतेहून परतले आणि तेथे त्यांनी मागविलेला विल्यमसन बनावटीचा कॅमेरा मे महिन्यात त्यांच्यामागून मुंबईस पोहोचला. यंत्र आले, पण चित्रपट काढण्यास लागणारे द्रव्य कोठून आणावयाचे? विमापत्रे गहाण टाकून प्रवासाचा खर्च भागविलेला. आता पुन्हा कर्ज मागावयाचे तर देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही तरी ठेवावयास हवे होते. फाळक्यांनी घरापुढे एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभर त्या कुंडीची चित्रे घेतली. ‘अंकुराची वाढ’ या नावाचा मिनिटाहून किंचित अधिक लांबीचा पट त्यातून तयार झाला. माती फोडून कोंब वर येतो, पाने उलगडतात, वेल चढू लागतो, हे सारे पाहणाऱ्यांनी बसल्या बैठकीस पाहिले. यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे आदी मंडळींनी कर्ज देऊ केले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. हिंदी चित्रपटसृष्टीस पहिले भांडवल वाटाण्याच्या रोपाने मिळवून दिले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

काळ आवळून दाखविण्याच्या या युक्तीस आज टाइम-लॅप्स म्हणतात. युक्ती फाळक्यांच्या आधीची आहे. न्यूयॉर्कमधील स्टार थिएटर पाडले जात असताना १९०१ साली त्याचा असाच पट घेतला गेला होता, आणि इंग्लंडात पर्सी स्मिथ यांनी १९१० साली फुले उमलताना दाखविली होती. तत्त्व अगदी साधे आहे. चित्रे घ्यावयाची सावकाश आणि दाखवावयाची जलद. खरी परीक्षा असते ती दोन चित्रांमधील अंतर ठरविण्यात, आणि ती चित्रे पुढे एकत्र ओवण्यात, म्हणजे संकलनात.

फाळक्यांनी दिवसास एक चित्र घेतले, असे पुष्कळदा सांगितले जाते. येथे थोडा हिशेब करून पाहावा. मूकपटांच्या काळी सेकंदास सुमारे सोळा चित्रे पडद्यावर जात. दिवसास एक या मानाने महिन्याची चित्रे तीस. ती दोन सेकंदांत संपतील. मिनिटभराच्या पटास नऊशे साठ चित्रे हवीत, म्हणजे फिल्म साठ फूट आणि चित्रे रोजची बत्तीस. ती केवळ दिवसाउजेडी घ्यावयाची तर बावीस-तेवीस मिनिटांस एक पडते. तीसच चित्रे घेऊन प्रत्येकाची बत्तीस वेळा छपाई केली, तर लांबी भरेल खरी; पण ते जादूच्या कंदिलातील काचा एकामागून एक सरकविल्यासारखे दिसेल, त्यात वाढ दिसणार नाही. तेव्हा ‘दिवसास एक’ ही सांगण्यास सोयीची गोष्ट असली, तरी गणितास ती पटत नाही.

या अंतरावर इतके बारकाईने बोलण्याचे कारण वाटाण्यातच आहे. वाटाण्याचे तणावे आधार शोधीत हवेत गोल फिरत असतात. डार्विनने वेलींच्या हालचालींचा जो अभ्यास केला त्यात या फेऱ्यांची नोंद आहे. एका फेरीस तास-दीड तास लागतो. आता दर पाऊण तासाने चित्र घेतले तर दीड तासाच्या फेरीतील दोनच जागा टिपल्या जातील, आणि पडद्यावर तणावा गोल फिरण्याऐवजी इकडून तिकडे नुसता झटके देईल. दिवसास एकच चित्र घेतले तर तो भुताने झपाटल्यासारखा कोठेही उडी मारील. चालत्या गाडीचे आरेदार चाक चित्रपटात उलटे फिरताना आपण पाहतो, त्यातलाच हा प्रकार. चार-पाच मिनिटांस एक चित्र घ्यावे, तेव्हा फेरी फेरी म्हणून ओळखू येते. जे टिपलेच नाही ते संकलनाच्या मेजावर मागाहून आणता येत नाही.

संगणकाच्या काळात मात्र ते आणण्याचा मोह होतो. दोन चित्रांच्या मधले तिसरे चित्र कल्पनेने रचून देणारी साधने आता कोणासही मिळतात. ढग संथपणे सरकत असतील तर ती बरी चालतात. पण तणाव्याच्या दोन जागा त्यांना दिल्या, तर ती मधून सरळ रेषा ओढतात. झाडाने वर्तुळ काढले आणि पडद्यावर रेषा दिसली! चित्र मोठे गुळगुळीत होते, पण ते खोटे असते. याउलट चित्रे मुबलक असतील, तर लगतच्या चार-पाच चित्रांची सरासरी काढून एक करणे रास्त आहे. त्याने हालणाऱ्या वस्तूस स्वाभाविक पुसटपणा येतो आणि धक्के कमी होतात. येथे जे मिसळले जाते ते सारे प्रत्यक्ष घडलेले असते.

संकलनातील मोठी अडचण लुकलुकीची. नागपूरचेच उदाहरण घेऊ. आषाढातील एका सायंकाळी फुटाळा तलावाच्या काठी पश्चिमेकडे तोंड करून कॅमेरा मांडला आणि दर सहा सेकंदांस एक याप्रमाणे तीन तास चित्रे घेतली, तर ती अठराशे होतात. सेकंदास चोवीस या गतीने पंचाहत्तर सेकंदांचा पट. एकेक चित्र पाहिले तर निर्दोष. पण पट चालू केला की आकाश धडधडू लागते. भिंगाचे छिद्र प्रत्येक वेळी मिटते, आणि ठरलेल्या मापावर येताना केसभर चुकते. तो फरक एकट्या चित्रात कळत नाही, मालिकेत खुपतो. छिद्राचे माप व इतर योजना हाताने एकदाच पक्की करणे हा पहिला उपाय. तरीही उरलेली लुकलुक संकलनात काढतात. प्रत्येक चित्राचा सरासरी उजेड मोजून त्याचा आलेख काढावयाचा. तो करवतीच्या दात्यांसारखा येतो. शेजारच्या चित्रांच्या आधाराने त्यातून सौम्य रेषा काढावयाची आणि प्रत्येक चित्र त्या रेषेपर्यंत उजळ किंवा मंद करावयाचे.

गोम येथेच आहे. शेजारची चित्रे किती धरावयाची? फार थोडी धरली तर दाते तसेच राहतात. फार धरली तर सूर्यावरून गेलेल्या ढगाची सावलीही दोष समजून पुसली जाते, आणि आषाढाची सायंकाळ वैशाखासारखी कोरडी होऊन बसते. म्हणून जाणता संकलक सबंध चित्राचा उजेड मोजीत नाही; काठावरची एखादी भिंत, जिचा उजेड हळूहळू पालटतो, तेवढाच भाग मोजमापास घेतो. आकाश आणि पाणी या कामी साक्षीदार म्हणून निरुपयोगी, कारण त्यांचा स्वभावच चंचल.

दिवस मावळून रात्र होते तेव्हा काम आणखी बिकट होते. भर उन्हाचा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याच्या काही लाखपट असतो. एकाच मापाने दोन्ही टिपणे अशक्य. म्हणून चित्रे घेताना उघडझापेचा काळ टप्प्याटप्प्याने वाढवितात, आणि प्रत्येक टप्प्यास पटात एक पायरी पडते. लाइटरूमच्या जोडीने चालणारे एलआरटाइमलॅप्स हे साधन चित्राबरोबर नोंदलेली मापे वाचून त्या पायऱ्यांची बेरीज-वजाबाकी करते. संकलकाने मधली काही मुख्य चित्रे निवडून त्यांचा उजेड व रंग स्वतः ठरवावयाचा. मधल्या शेकडो चित्रांत तो फरक थोडा थोडा वाटला जातो. यासाठी चित्रे कच्च्या, म्हणजे रॉ स्वरूपात घेतलेली असावीत, आणि रंगाचे माप कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नसावे. पायऱ्या घालविण्याच्या भरात नवखी मंडळी अंधारच घालवितात. साडेसात वाजताचा फुटाळा मग पाच वाजल्यासारखा दिसतो.

हादऱ्यांचेही तसेच. तिपाई वाऱ्याने हलली तर मागच्या किनाऱ्यावरील स्थिर खुणा एकमेकींवर बसवून चित्रे सरळ करता येतात. परंतु कुंडीतील रोपावरच खूण धरली, तर रोप जागचे हलत नाही आणि सारे जग त्याच्याभोवती डुलू लागते! खूण कुंडीच्या काठावर धरावी. रोप डुलते ते त्याचे त्याला डुलू द्यावे.

हे सर्व करण्यापूर्वी मूळ चित्रांची एक प्रत निराळी काढून ठेवण्यास विसरू नये. फाळक्यांच्या काळी चूक झाली तर वाटाणा पुन्हा पेरावा लागे; आज प्रत जपलेली असली की संकलन पुन्हा आरंभापासून करता येते. चित्रांमधील अंतर चुकले असेल तर मात्र आजही कुंडी, माती आणि एक महिना पुन्हा लागतो.