गोठलेल्या तळ्यावर विमान: धोका नेमका कुठे?

अलास्का आणि उत्तर कॅनडातल्या कितीतरी वस्त्यांपर्यंत रस्ता पोहोचतच नाही. हिवाळ्यात तिथे सुपर कब, सेसना १८५ अशी छोटी विमानं स्की लावून गोठलेल्या तळ्यांवर उतरतात. अँकरेजचं लेक हूड हा पाण्यावरच्या विमानांचा जगातला सर्वांत गजबजलेला तळ. थंडीत तिथेही स्की धावतात. लांबून पाहणाऱ्याला भीती एकच वाटते, की बर्फ फुटेल आणि विमान बुडेल.

गैरसमज: बर्फ फुटणं हाच खरा धोका.

वस्तुस्थिती: तो धोका आहेच. पण भर हिवाळ्यात वैमानिकांना जास्त छळतं ते बर्फाच्या थरावर साचलेलं पाणी. तिकडे त्याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. नव्या हिमाच्या भाराने थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि हिमाच्या दुलईखाली कडाक्याच्या थंडीतही न गोठता राहतं. वरून सगळं कोरडं, पांढरंशुभ्र दिसतं. विमान त्यात थांबलं की ओला लगदा स्कीला चिकटून गोठतो आणि विमान जागीच जखडतं. मग फावड्याने खोदत बसावं लागतं.

म्हणून जाणता वैमानिक पहिल्याच फेरीत थांबत नाही. इंजिनाचा जोर न सोडता तो स्की हिमावरून घासत नेतो, पुन्हा वर उठतो आणि वळून मागे उमटलेले चर न्याहाळतो. ते काळपट पडू लागले, तर खाली पाणी आहे. मुक्काम करायचा असेल, तर स्कीखाली झाडाच्या फांद्या किंवा लाकडं सरकवतात, म्हणजे स्की रात्रीतून बर्फाला चिकटत नाहीत.

गैरसमज: कडाक्याची थंडी म्हणजे जाड बर्फ.

वस्तुस्थिती: लवकर पडलेलं हिम थंडी खाली पोहोचूच देत नाही, त्यामुळे बर्फ पातळ राहतो. ओढा जिथे तळ्यात शिरतो किंवा बाहेर पडतो, तिथे तर एकाच तळ्यात जाडी काही पावलांवर बदलते. रंगही पाहावा लागतो. हिम भिजून गोठलेला पांढरा बर्फ स्वच्छ, पारदर्शक बर्फाच्या जेमतेम निम्मा मजबूत धरतात.

गैरसमज: एवढं सपाट मैदान, उतरायला काय अवघड?

वस्तुस्थिती: ढगाळ दिवशी सावल्या नाहीशा होतात, आभाळ आणि जमीन एक होतात. पृष्ठभाग तीन फुटांवर आहे की तीस, हे अनुभवी डोळ्यालाही कळत नाही. अशा वेळी काठावरच्या झाडांच्या आधाराने, अगदी हळूहळू खाली यावं लागतं. शिवाय साध्या स्कीला ब्रेक नसतो. गुळगुळीत बर्फावर विमान घसरतच जातं.

कधी अशा विमानात प्रवासी म्हणून बसलात आणि वैमानिक तळ्यावरून दोन घिरट्या घालून न उतरताच माघारी वळला, तर कृपा करून त्याला आग्रह करू नका.