मधोमध दाबून बघा!

मे महिन्यात यवतमाळात पारा ४५ गाठतो, आणि ब्री हे मऊ फ्रेंच चीज पिकायला हवं १०-१३ अंश तापमान. म्हणजे या दोघांचं जमणं अवघडच! पण घामट मुंबईत जमलं की. स्पॉटेड काउ फ्रॉमाजरीच्या मेहरा बंधूंनी ब्री केलं ते 'बॉम्ब्री', आणि त्याच जातीचं कॅमेम्बर्ट झालं 'कॅमेम्बे'.

आता मुंबईच्या पाहुण्याने अशी एखादी चकती आणलीच, तर पारखायची कशी?

वरचा पांढरा थर खरवडू नका. ती बुरशीच आहे, पण मुद्दाम वाढवलेली, आणि ती खातात. हे चीज बाहेरून आत पिकत जातं, म्हणून अंगठा कडेला नाही, मधोमध दाबायचा. तिथे टणक लागलं तर कच्चं. कापल्यावर गाभ्यात कोरडा, भुसभुशीत पट्टा दिसेल. सगळीकडे सारखं दबलं तर पिकलं. आंबा हातात घेऊन पारखणाऱ्यांना हे वेगळं शिकवायला नको.

मग नाक. पावसाळी सात्यांसारखा, म्हणजे अळंब्यांसारखा वास आला तर उत्तम. अमोनियाचा झणका आला तर वेळ टळून गेली. झणका हलकाच असेल, तर वेष्टन काढून थोडा वेळ उघडं ठेवा, उडून जातो.

फ्रिजमधून काढून थेट तोंडात टाकणं हा मात्र शुद्ध अडाणीपणा! गारठ्यात चव मुकी होते. थंड देशांत तासभर आधी बाहेर काढतात. आपल्या उन्हाळ्यात पंधरा मिनिटं पुष्कळ, तासाभराने चमचा घ्यावा लागेल.

मऊ म्हणजे जास्त चरबी? उलट! ब्रीत जवळपास निम्मं पाणी असतं. वजनाला वजन लावलं तर कडक चेडरच जास्त तुपट.

शाकाहाऱ्यांनी हिरवा ठिपका तपासावा, कारण दूध साकळवणारं रेनेट मुळात वासराच्या जठरातलं. पनीर-डोडी नावाच्या झुडपाच्या फळांनीही दूध साकळतं, ती काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. आणि मऊ चीज फ्रेंचांचंच असंही नाही. मुंबईच्या पारशांचं टोपली नू पनीर इवल्या टोपल्यांत घट्ट होतं आणि खारट निवळीत ठेवतात.

दूध साकळल्यावर सुटणारी निवळी आपल्या घरी फार तर कणकेत जाते, नाहीतर मोरीत. मुंबईच्याच एलेफ्थेरिया या चीज कंपनीने ती तपकिरी होईपर्यंत आटवून नॉर्वेच्या धर्तीवर ब्रुनोस्ट चीज केलं. २०२१ मध्ये स्पेनमधल्या ओव्हिएडोत वर्ल्ड चीज अवॉर्ड्स झाले, चार हजारांवर चीजं मांडली होती. त्यात या ब्रुनोस्टने रौप्यपदक मारलं.