ताइको ताल-खेळातील कळफलक-वादनशैली

ताइको ताल-खेळातील कळफलक-वादनशैली म्हणजे जपानी ढोलावर आधारलेला संगणकीय खेळ प्रत्यक्ष ढोलाऐवजी कळफलकावर खेळताना केलेली चार कळांची मांडणी आणि त्यांवर हात चालवण्याचा क्रम. मांडणी आणि हस्तक्रम या दोन स्वतंत्र बाबी आहेत; नवशिक्यांकडून मात्र त्यांची वारंवार गल्लत होते.

पार्श्वभूमी

नामको या जपानी कंपनीचा 'ताइको नो तात्सुजिन' हा खेळ 2001 साली तेथील खेळघरांत आला. त्यात खेळाडू दोन टिपऱ्यांनी ढोल वाजवतो. पडद्यावर लाल ठिपका आल्यास ढोलाच्या मध्यभागी आणि निळा आल्यास कडेवर आघात करायचा असतो. मध्यावरच्या आघाताचा बोल 'दों' आणि कडेवरचा 'का'. (पहिल्या बोलाचा जपानी उच्चार 'दोन' असा होतो, मराठी संख्येशी घोटाळा होऊ नये म्हणून येथे 'दों' असे लिहिले आहे.) डीन हर्बर्ट यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ओसू!' या संगणकीय खेळात याच धर्तीचा ताइको प्रकार आहे. कळफलकावरील शैलींची चर्चा प्रामुख्याने त्याच्याच खेळाडूंमध्ये रुजली.

मांडणी

दोन कळा 'दों'साठी आणि दोन 'का'साठी असतात. डावीकडून उजवीकडे त्यांचा जो क्रम लागतो, त्याच्या आद्याक्षरांवरून मांडणीला नाव मिळते.

'केडीडीके' म्हणजे का-दों-दों-का. यात प्रत्येक हाताकडे एक दों आणि एक का असतो. खऱ्या ढोलाचे मध्य आणि दोन्ही कडा जशा असतात तशीच ही रचना आहे. तर्जन्या आतल्या कळांवर आणि मधली बोटे बाहेरच्या कळांवर ठेवतात. झेड, एक्स, सी, व्ही हा कळांचा जुना संच दोन हातांना दाटीचा होतो. त्यामुळे डी, एफ, जे, के या कळा अनेकांना सोयीच्या वाटतात.

'डीडीकेके' मध्ये सर्व दों एका हाताकडे आणि सर्व का दुसऱ्या हाताकडे जातात. 'केकेडीडी' हे त्याचेच उलट रूप होय.

कोणतीही मांडणी अवघडपणा नाहीसा करत नाही, तो केवळ दुसरीकडे सरकवते. मिनिटाला 180 ठोक्यांच्या गाण्यात प्रत्येक ठोक्याचे चार भाग करून सलग दों आले, तर सेकंदाला 12 आघात होतात. केडीडीकेमध्ये ते दोन हातांत सहा-सहा वाटले जातात. डीडीकेकेमध्येही प्रत्येक बोटाच्या वाट्याला सहाच येतात, परंतु ती दोन्ही बोटे एकाच हाताची असतात आणि दुसरा हात रिकामा राहतो. याउलट दों-दों-का, दों-दों-का अशी तिहेरी आवर्तने सलग आली की डीडीकेकेमध्ये प्रत्येक आवर्तनाला तीच हालचाल पुन्हा होते. केडीडीकेमध्ये हात आळीपाळीने चालवल्यास पहिला का उजव्या हाताला येतो, तर दुसरा डाव्याला. सहा आघात झाल्यावरच हालचाल मूळपदावर येते. अशा जागी वाचन बरोबर असूनही बोट चुकते.

हस्तक्रम

केडीडीके वापरणाऱ्यांत दोन पंथ दिसतात. पहिल्या पंथात प्रत्येक आघातासरशी हात बदलतो, मग मधे विराम असो वा नसो. श्रमाची वाटणी त्यामुळे समान होते. मात्र तीन आघातांचा गट उजव्याने सुरू झाला तर पुढचा गट डाव्याने सुरू होतो. म्हणून प्रत्येक बोलसमूह दोन्ही बाजूंनी शिकावा लागतो. दुसऱ्या पंथात मुख्य हात ठोक्यावरचे आघात घेतो आणि दुसरा हात मधल्या जागा भरतो. गट नेहमी त्याच हाताने सुरू झाल्यामुळे लय पक्की राहते, पण विरळ आघातांच्या द्रुत गाण्यात मुख्य हात थकतो. डावखुऱ्यांनी अर्थातच डावा हात मुख्य धरावा.

निवड

निवडीचा प्रश्न आरंभीच महत्त्वाचा असतो, कारण बोटांना लागलेले वळण नंतर सहज सुटत नाही. मांडणी बदलल्यास पडद्यावरील ठिपके वाचण्याचे कौशल्य टिकते. बोटांचा सराव मात्र जवळजवळ मुळापासून करावा लागतो. सोपे गाणे काही दिवस दोन्ही मांडण्यांत वाजवून पाहणे हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. ज्याला पुढे खरा ढोल असलेल्या यंत्रावर खेळायचे आहे, त्याला केडीडीके अधिक उपयोगी पडते. एका हाताची दोन बोटे ज्याची मुळातच चपळ आहेत, त्याने डीडीकेकेला कमी लेखू नये. मोठ्या ठिपक्यांचे पूर्ण गुण मिळवण्यासाठी त्या बोलाच्या दोन्ही कळा एकदम दाबाव्या लागतात. तेही दोन्ही मांडण्यांत साधते.

मनगटात ताठरपणा किंवा वेदना जाणवल्यास वेग कमी करून थांबणे आवश्यक आहे. चुका वाढण्यामागे कधीकधी कळफलकही असतो. द्रुत वादनात आधीची कळ सुटण्यापूर्वी पुढची दाबली जाते आणि काही स्वस्त कळफलक तीन कळांचे विशिष्ट संच एकाच वेळी नोंदवत नाहीत. निवडलेल्या चारही कळा एकत्र दाबून त्या नोंदल्या जातात का, हे शैली बदलण्याआधी तपासावे.