शेगडी का पेटत नाही?

— द्वितीय वर्ष कला

पावसाळ्यात भल्या सकाळी स्वयंपाकघरातून ‘टक्, टक्, टक्’ असा आवाज येत राहतो आणि गॅसची शेगडी काही पेटत नाही, हा अनुभव बहुतेक घरांत येतो. मग लायटर ओट्यावर आपटला जातो, कंपनीला दोन शिव्या बसतात आणि शेवटी काडेपेटीचा शोध सुरू होतो. आपट्यासारख्या पाताळगंगेकाठच्या गावी जून ते सप्टेंबर काडेपेटीही सादळलेलीच असते! पण या सगळ्या गडबडीत गॅसचे बटण चालूच राहिलेले असते, आणि खरा धोका तिथेच असतो. म्हणून शेगडी न पेटण्याची कारणे समजून घेणे हा केवळ सोयीचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न आहे.

कोणताही विस्तव पेटायला तीन गोष्टी लागतात : जळण, हवा आणि उष्णता. तिन्हींपैकी एक जरी कमी पडली तरी विस्तव पेटत नाही. ही गोष्ट शास्त्राच्या पुस्तकात आहे खरी. पण चुलीपाशी आयुष्य घालवलेल्या आपल्या आज्यांनाही ती ठाऊक होती. आगोटीला सुके जळण माळ्यावर भरून ठेवायचे, चुलीतली राख रोज काढायची, निखारा राखेखाली जपून ठेवायचा आणि फुंकणी हाताशी असू द्यायची. जळण, हवा, उष्णता या तिघांचीही सोय यात आली. गॅस आला तरी हा नियम बदललेला नाही. तेव्हा शेगडी पेटली नाही की पुन्हा पुन्हा लायटर दाबण्याऐवजी ‘तिघांपैकी आज कोण गैरहजर?’ असे आधी विचारावे.

प्रथम उष्णता, म्हणजे ठिणगी पाहू. लायटरमध्ये ना बॅटरी असते ना गारगोटी. १८८० साली फ्रान्समध्ये पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी असे दाखवून दिले की काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्यावर विद्युतभार निर्माण होतो. पिएर त्या वेळी अवघा एकवीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्याहून फार तर दोन वर्षांनी मोठा! लायटरमध्ये याच गुणाचा उपयोग केलेला असतो. आपण दट्ट्या दाबतो तेव्हा आतली स्प्रिंग आवळली जाते आणि शेवटी सुटून एक लहानशी हातोडी चिनी मातीसारख्या कठीण तुकड्यावर आदळते. त्या आघाताने क्षणभर हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि टोकाशी, मधली तार व बाहेरची नळी यांच्यामधल्या फटीत, ठिणगी उडते.

आता पावसाळ्यात हे का बिघडते ते लक्षात येईल. टोकाशी तेलकटपणा, उतू गेलेले दूध किंवा दमट हवेचा ओलावा साचला, की विजेला फटीतून उडी मारण्याची गरजच उरत नाही. ती त्या ओल्या थरावरूनच गुपचूप निघून जाते. आवाज येतो, ठिणगी मात्र नाही. याची परीक्षा सोपी आहे. गॅस पूर्ण बंद ठेवावा, शेगडीपासून दूर अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन लायटर दाबावा. ‘टक्’ आवाज होऊन निळी ठिणगी दिसली तर लायटर निर्दोष आहे. आवाज आहे पण ठिणगी नाही, तर टोक कोरड्या फडक्याने पुसून लायटर उन्हात ठेवावा; विस्तवावर मात्र शेकू नये. आवाजच नसेल तर आतली स्प्रिंग किंवा हातोडी गेली असे समजून नवा आणावा. आणि एरवी त्याला मोरीच्या कडेला न ठेवता खिळ्याला टांगावे.

ठिणगी ठीक असेल तर जळणाकडे वळावे. शेजारचा बर्नर पेटतो का? पेटत असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर ठीक आहेत, दोष या एकाच बर्नरमध्ये आहे. दोन्हीही पेटत नसतील तर सिलिंडर संपला आहे काय, रेग्युलेटर बंद आहे काय, नळी कुठे दुमडली आहे काय, हे पाहावे. एका बर्नरचा दोष बहुधा उतू गेलेल्या वरणाचा किंवा दुधाचा असतो; त्याची भोके बुजतात. बर्नर थंड झाल्यावर काढून साबणाच्या पाण्याने घासावा, भोके टाचणीने मोकळी करावीत आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावा. ओला बसवला तर ज्योत फडफडते किंवा धरतच नाही. गॅस जिथून येतो त्या बारीक तोंडात (त्याला जेट म्हणतात) मात्र सुई घालू नये. ते भोक मोठे झाले तर गॅस जास्त येऊ लागतो. ते काम मेकॅनिकचे.

तिसरी हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण २ ते ९ टक्के मिसळलेला असतो तेव्हाच पेट घेतो. त्याहून कमी असला तरी पेटत नाही, जास्त असला तरी नाही. म्हणून लायटरचे टोक बर्नरच्या भोकांच्या कडेशी धरावे. पंख्याचा किंवा खिडकीचा झोत थेट शेगडीवर असेल तर गॅस उडून जातो.

थंड देशांत घर उबदार ठेवायला लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांची शेगडी वापरतात. तिच्यात काडी ओढावी लागत नाही. विजेने तापणारी एक कांडी गोळ्या पेटवते. ती पेटेनाशी झाली तर तिकडचा कारागीरही हेच पाहतो : कांडी तापते का, राखेने हवेची वाट बुजली आहे का, गोळ्या सादळल्या आहेत का. गोळ्यांवर चालणारी स्वयंपाकाची ‘ऊर्जा’ शेगडी काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातही विकली जात होती. तिच्यात लहानसा पंखा फुंकणीचे काम करी. शेगड्या निराळ्या, नियम एकच.

आता सर्वांत महत्त्वाचे. लायटर बर्नरशी धरून मगच बटण फिरवावे. तीन-चार सेकंदांत पेटले नाही तर बटण बंद करावे, दार-खिडकी उघडून काही मिनिटे थांबावे आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा. हा गॅस हवेहून जड असतो. तो वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून नुसती खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावे लागते. वास येत असेल तर लायटर नको, काडी नको, दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला या उठाठेवी कशाला, असे कोणी म्हणेल. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिली पिढी आमचीच. घरात बिघडलेली वस्तू ‘असेच चालायचे’ म्हणून वापरायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि स्वयंपाकघरातल्या बिघाडाची झळ आईला किंवा बहिणीलाच लागते. शिकलेल्या मुलाने घरी नेण्यासारखे पदवीशिवाय दुसरेही काही आहे : न पेटणाऱ्या शेगडीपुढे चिडण्याऐवजी ‘का?’ असे विचारण्याची आणि ते कारण सोप्या शब्दांत घरच्यांना समजावून देण्याची सवय. तिला खर्च नाही, आणि तिच्यामुळे एखाद्या घरातला मोठा भडका टळेल.